एस्सेलवर्ल्ड बंद झालं, आता घरातल्या आठवणी कशा गोळा करायच्या

एस्सेलवर्ल्ड २०२२ ला कायमचं बंद झाल्याचं आमच्या घरच्या ग्रुपवर आलं तेव्हा पहिला रिप्लाय आत्याचा होता, "मग ती बोट पण बंद झाली का गं?" एवढ्या राइड, एवढे पाळणे, आणि तिला आठवली ती गोराईच्या खाडीतली बोट. खरं सांगते, मला पण आधी तीच आठवली.

आम्ही सांगलीचे. आमच्याकडं समुद्र नाही, कृष्णा आहे, आणि होडी म्हणजे सांगलवाडीची नाव नाहीतर शर्यतीच्या होड्या. त्यामुळं मुंबईला जायचं, बोरिवलीहून गोराई जेट्टी गाठायची, लाँचमधून खाडी ओलांडायची आणि पलीकडं ते एवढं मोठं पार्क, हे आमच्यासाठी फॉरेनपेक्षा कमी नव्हतं. १९८९ ला सुरू झालेलं ते पार्क, टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की आम्ही जेवण सोडून पळत यायचो, आणि शाळेतल्या ज्या कुणाला सहलीत नाहीतर मामाकडं राहून ते बघायला मिळालं त्याच्याभोवती आठवडाभर घोळका असायचा. आम्ही घरचे नऊ जण एकदाच गेलो. एकदाच. म्हणूनच त्या एका दिवसाचं जे काही आहे ते सगळं गोळा करायचं असं मी ठरवलं आणि दोन वर्षं सुट्टीत, सणाला, जमेल तसं केलं. तुमच्या घरात पण असा एखादा दिवस असणार, एस्सेलवर्ल्डचा नाहीतर दुसऱ्या कुठल्या बंद पडलेल्या जागेचा, तर कसं करायचं ते सगळं लिहिते, कुठं चुकलं ते पण.

सगळ्यात आधी फोटोंना हात लावू नका, माणसांकडं जा. फोटो कपाटात अजून दहा वर्षं राहतील पण आपली आत्या, मावशी, काका यांच्या डोक्यातलं दरवर्षी थोडं थोडं पुसतंय. मोबाईलमधला साधा रेकॉर्डर पुरतो. फोन समोर टेबलावर ठेवायचा, खाली टॉवेलची घडी टाकायची म्हणजे टेबलाची खडखड येत नाही, बोलणाऱ्यापासून हातभर अंतर, आणि पंखा बंद. पंख्याचं मुद्दाम सांगते कारण आईचं पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण त्या घरघरीत गेलं, मे महिना होता आणि पंखा बंद करायचं मला जिवावर आलं होतं. कुकर लावायच्या आधी बसा. फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मधेच कुणाचा तरी कॉल येतो आणि काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथंच थांबतं.

एकेकाला वेगळं बसवा. सगळे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण खरी ठरते, आमच्यात दादाची, आणि बाकीचे नुसतं हो हो म्हणत राहतात.

आणि काय विचारायचं, तर "मजा आली होती का" हे अजिबात विचारू नका. त्यावर "हो, लई मजा आली" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. विचारा की डब्यात काय होतं, पायात काय घातलं होतं, पैसे कुणाकडं होते, कोण रडलं, चप्पल कुणाची तुटली, रात्री कुठं टेकलो. घरातनं निघाल्यापासून परत येईपर्यंत रस्त्यानं चालत चालत विचारा. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो होतो, तर मी आत्याला सांगली स्टेशनपासून सुरू केलं, मिरजेहून गाडी यायची वेळ, डब्यात कुठं जागा मिळाली, दादरला उतरून लोकल कशी पकडली, आणि जेट्टीवर पोचेपर्यंत ती एकदम तिथलीच झाली. म्हणाली, "भरती-ओहोटी म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं गं, पाणी खाली गेलेलं, नुसता काळा चिखल आणि ती तिवराची झाडं, मला वाटलं एवढ्या लांब आलो आणि समुद्र आटलाय की काय." नंतर बोट सुरू झाल्यावर तिनं कडेनं हात खाली घालून पाण्याला लावला आणि बोट चाटलं. खारट लागल्यावर तिला पटलं की हा समुद्रच. हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

जेवणाचं विचारलं तर भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं सगळं आलं, आणि चटणीचा डबा अप्पांच्या पिशवीत सांडला होता हे पण आलं, त्या पिशवीतच कॅमेरा होता.

अर्ध्या-पाऊण तासाच्या वर एका वेळी ताणू नका, माणूस दमतं. झाल्या झाल्या फाईलला नाव द्या, कोण बोललं, कुठल्या विषयावर, कुठल्या तारखेला. "व्हॉइस ००१४" असल्या नावाच्या फाइली सहा महिन्यांनी कुणाच्या काही कळत नाहीत.

यानंतर नकाशा. हे मला स्वतःला सुचलं आणि सगळ्यात जास्त कामाला आलं. प्रत्येकाला एक फुलस्केप कागद द्यायचा आणि सांगायचं जेट्टीपासून गेटपर्यंत आणि गेटच्या आत जे आठवतंय ते काढ, दुसऱ्याचं बघायचं नाही. दादाच्या कागदावर नुसत्या राइड, रेनबो इथं, झिपर डिपर तिथं, धडकगाड्या मधे. आईच्या कागदावर राइड फक्त एक, पण पिण्याच्या पाण्याचा नळ, सावलीचं झाड जिथं ती पिशव्या घेऊन तीन तास बसली, आणि बाथरूम, एवढं नीट. माझ्या कागदावर अक्वा डाइव्ह पानभर मोठं, बोटीत बसवून वर न्यायचे आणि तिथनं सरळ खाली पाण्यात, आणि त्याच्या पायथ्याशी मी एक कठडा काढला होता तो बाकी कुणाच्याच कागदावर नव्हता. सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा तो दिवस कुणी कसा काढला ते दिसलं. आईनं आम्हाला सोडून फार काही बघितलंच नव्हतं.

मग गुगल अर्थ उघडा, कॉम्प्युटरवरचं, त्यात जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं बघायची सोय आहे. गोराईवर जा आणि वर्षं मागं मागं सरकवा. पार्क चालू असतानाची चित्रं त्यात मिळतात. एक चित्र निवडून ए-फोर कागदावर प्रिंट काढा आणि मोठ्या माणसांच्या हातात द्या, स्क्रीनवर नको, कागदावर त्यांचं बोट लगेच चालतं. मात्र हे घरचे नकाशे काढून झाल्यावरच, आधी दाखवलं तर सगळे तेच बघून काढतात.

आता फोटो. आधी ते कधीचे आहेत ते ठरवा. आमच्याकडं आई म्हणायची तू तेव्हा चौथीत होतीस, दादा म्हणायचा माझ्या दहावीनंतरची सुट्टी, आणि दोन्ही एकदम खरं असू शकत नव्हतं. फोटोत मागं काय आहे ते भिंगातनं बघा. आमच्या एका फोटोच्या कोपऱ्यात वॉटर किंगडमची पाटी अर्धी दिसते, ते शेजारचं पाण्याचं पार्क १९९८ ला सुरू झालं, म्हणजे त्याच्या आधीचा फोटो असूच शकत नाही, आणि दादाची दहावी १९९९ ची, झालं, मे १९९९. अजून एक खूण म्हणजे तिथला तो सोनेरी विपश्यना पॅगोडा. त्याचं बांधकाम २००० ला सुरू झालं आणि उद्घाटन फेब्रुवारी २००९ मध्ये, त्यामुळं बोटीतनं काढलेल्या फोटोत मागं सोनेरी घुमट असला तर तो फोटो नव्वदच्या दशकातला नाही. तिकीट, पावती असं काही छापील सापडलं आणि त्यावर बॉम्बे असेल तर बहुतेक १९९५ च्या आधीचं, कारण नाव त्या वर्षी बदललं. फोटोवर नारंगी आकड्यात तारीख उमटलेली असते तिच्यावर मात्र एकटीवर विश्वास ठेवू नका, कॅमेऱ्याचा सेल बदलला की घड्याळ चुकायचं आणि ते कुणी नीट लावायचं नाही.

स्कॅनिंगला झेरॉक्सच्या दुकानात दिलं तर ते सवयीनं २०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात २०० ठिपके, असं करून पीडीएफ देतात, कागदपत्रांना ते चालतं, फोटोला नाही. स्पष्ट सांगा, ६०० डीपीआय, जेपेग, कलर, आणि एका वेळी काचेवर चार टाकले तर चारी वेगळे करून द्या. ४ बाय ६ चा फोटो ६०० ला केला की साधारण २४०० बाय ३६०० पिक्सेल होतो, मोठा करून बघायला भरपूर. काच आधी पुसून घ्यायला लावा, जास्त जण लाजतात सांगायला. घरीच करायचं तर गुगलचं फोटोस्कॅन ॲप आहे, ते चार ठिपके दाखवतं आणि फोन फिरवून फिरवून घ्यायला सांगतं, त्यानं चकाकी जाते. ॲप नको असेल तर खिडकीपाशी, ऊन थेट नको, फ्लॅश बंद, फोन फोटोला अगदी समांतर.

जुना फोटो लालसर झालेला दिसतो कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. ते ॲपमध्ये दुरुस्त करता येतं पण आधी जसा आहे तसा स्कॅन करून वेगळा ठेवा आणि कॉपीवर खेळा. चेहरे "सुधारणारी" ॲप मात्र मी वापरली नाहीत आणि वापरणार पण नाही. एकदा चुलत भावानं करून बघितलं, आईच्या गालावरचा तीळच गेला.

चिकट पानांचे अल्बम, ज्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ते सगळ्यात वाईट. त्यातनं फोटो नखानं ओढू नका, कोपरा फाटतोच. दात साफ करायचा तो फ्लॉस नाहीतर शिलाईचा मजबूत दोरा घ्या, फोटोच्या मागं एका कोपऱ्यातनं सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढं न्या. निघतच नसेल तर सोडून द्या, पापुद्रा उचलून आहे तिथंच फोटो काढा.

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट आहे यावरनं समजा, आणि गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. आम्ही गॅस, कागदपत्रं, गणपती वर नेले. अल्बम खालच्या कप्प्यात राहिले. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तेव्हा अल्बम फुगून दुप्पट झाला होता आणि घाईत आम्ही दोन्ही चुका केल्या, चिकटलेले फोटो सुटे करायला ओढले आणि गच्चीवर उन्हात वाळत घातले. ओढलेल्यांचे चेहरे समोरच्या फोटोच्या पाठीला चिकटून गेले, उन्हातले वाकडे झाले आणि तडकले. अकरा फोटो गेले. त्यात नऊच्या नऊ जण असलेला एकमेव फोटो होता, बोटीतल्या कुणा अनोळखी माणसाला कॅमेरा देऊन काढलेला.

त्यामुळं सांगली, कोल्हापूर, कराड, जिथं जिथं पाणी येतं तिथल्यांनी हे पाठ करून ठेवा. ओले फोटो ओलेच ठेवा, वाळायला लागले की एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत बुडवून आपोआप सुटे होऊ द्या, कडेनं धरा, चित्रावर बोट लावायचं नाही, चिखल बोटानं पुसायचा नाही, पाणी बदलत राहायचं. मग सावलीत, टिपकागदावर नाहीतर स्वच्छ सुती कापडावर, चित्राची बाजू वर करून पसरायचे. छापील वर्तमानपत्र नको, शाई लागते. इस्त्री नको, ड्रायर नको. आणि पुरात एवढं करायला वेळ कुणाला असतो, घरातला गाळ काढायचा असतो, तर मग फोटो धुवून, दोन-दोनच्या मधे बटर पेपर घालून, पिशवीत बांधून कुणाच्यातरी फ्रीजरमध्ये टाका. लाईट असलेल्या नातेवाईकाकडं, मिरजेत, विट्यात, जिथं असेल तिथं. गोठलेले फोटो महिन्यांनी पण काढून नीट सोडवता येतात. साधारण दोन दिवसांच्या आत हे झालं पाहिजे, नंतर बुरशी धरते.

निगेटिव्ह असतील तर फार नशीबवान आहात, ते फोटोपेक्षा महत्त्वाचे. आमचे एका स्टुडिओत मोठे फोटो करायला दिले होते ते परत आलेच नाहीत, म्हणून सांगते की मूळ वस्तू कुणाकडंही सोडून येऊ नका, समोर बसून करून घ्या. घरी करायचं तर टॅबवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, त्याच्यावर दोन-तीन इंच उंचीवर निगेटिव्ह धरायची सोय करा, अगदी चिकटवून ठेवलं तर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात, वरनं मोबाईलनं जवळून फोटो घ्या आणि ॲपमध्ये रंग उलटे करा. निगेटिव्हचा नारंगी रंग उलटल्यावर सगळं निळं दिसतं, घाबरू नका, व्हाइट बॅलन्सनं जागेवर येतं. स्कॅनर वापरणार असाल तर झाकणात लाईट असलेलाच लागतो आणि २४०० डीपीआय तरी ठेवा.

व्हिडिओ कॅसेट असेल तर आधी तिच्या खिडकीतनं आत बघा. पांढरी भुरी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, कॅसेटबरोबर प्लेअर पण जातो. चांगली असेल तर लग्नाचं शूटिंग करणारे जुने लोक करून देतात, त्यांच्याकडनं फाईल मागा, नुसती डीव्हीडी घेऊन येऊ नका.

तिकिटं, बोटीची चिठ्ठी, असलं काही असेल तर लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की परत निघत नाही. साध्या कागदी पाकिटात ठेवा.

फोटोच्या मागं बॉलपेननं लिहायचं नाही, पुढं उमटतं आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. मागचा कागद गुळगुळीत असतो, साधी पेन्सिल चालत नाही, चित्रकलेची मऊ ६बी घ्या, नाहीतर पाकिटावर लिहा आणि फोटो लिहून झाल्यावर आत घाला. कोण कोण आहे ते लिहिताना फोटो कुणी काढला ते पण लिहा. आमच्या वाचलेल्या चोवीस फोटोंत अप्पा एकाही फोटोत नाहीत. कॅमेरा त्यांच्याच हातात होता ना. आता प्रत्येकावर मी लिहिलंय, "अप्पांनी काढला, गेटसमोर उभं राहून", "अप्पांनी काढला, बोटीत वाकून", आणि ते वाचताना ते दिसतात.

फाइलींची नावं आधी वर्ष, मग महिना, मग जागा, मग माणसं. ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढ्या कष्टानं केलेला ६०० डीपीआय तिथं चिरडून जातो. आणि तीन ठिकाणी ठेवा, घरी हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि एक दुसऱ्या गावात, पाणी येत नाही अशा घरात. आमची तिसरी आत्याकडं साताऱ्यात वरच्या मजल्यावर आहे, नुसता पेन ड्राइव्ह नाही, हार्ड डिस्क, वर्षातनं एकदा गेलं की लावून बघायची चालतीय का.

ती डिस्क द्यायला गेले तेव्हा आत्याला टीव्हीवर सगळे फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून सगळे बघितले आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे गं, पण माझी निळी पर्स कुठाय? त्यात तुमच्या सगळ्यांची परतीची तिकिटं होती, मी दिवसभर छातीशी धरून होते." मी म्हटलं असेल कुठंतरी. घरी येऊन एकेक फोटो मोठा करून बघितला. अक्वा डाइव्हखालच्या फोटोत, ज्यात मी ओलीचिंब उभी आहे, डावीकडं माझा तो कठडा आहे, आणि कठड्याच्या मागं फोटोच्या अगदी कडेला एक हात आलाय, बाकी माणूस कापला गेलाय. हिरव्या बांगड्या आहेत, आणि बोटांत घट्ट धरलेली निळी पर्स आहे. तेवढा तुकडा कापून तिला पाठवला, डॉक्युमेंट म्हणून.